आधी विचारा, पोराला झोप लागते का?

आम्ही महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले शिक्षक, आशाताई, वकील आणि पालक आजपासून एक चळवळ उभी करत आहोत. गुन्ह्यात सापडलेल्या आमच्या मुलांना मनाची तपासणी आणि उपचार पहिल्या आठवड्यातच मिळाले पाहिजेत, ही आमची मागणी.

22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेत दरडीखाली ऐंशीवर माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे, सुतारवाडी ढासळली, महाड पाण्याखाली गेलं. तेव्हा प्राथमिक शाळेत असलेल्या पोरांना आता मिसरूड फुटलंय. पंचनाम्यात भिंत पडली, भांडी वाहून गेली हे लिहायला जागा होती. पावसाची झड लागली की पोर रात्रभर टक्क जागं राहतं, हे लिहायला नव्हती. दरडीने मुलं गुन्हेगार होतात, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण मोटारसायकल चोरताना धरलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचा बाप मुंबईत राबतो का, तो आजीकडे वाढला का, व्हाइटनर कधीपासून हुंगतो, स्वतःच्या हातावर ब्लेड का ओढतो, हे विचारल्याशिवाय त्याचा निवाडा करू नका.

कायदा आमच्या बाजूचा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार परिवीक्षा अधिकाऱ्याने 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्याच्या नमुन्यात भावनिक बाबींसाठी रकाना आहे. ‘सर्वसाधारण’ एवढंच लिहून तो भरलेला आम्हाला चालणार नाही. मानसिक आजार किंवा व्यसन असेल तर बाल न्याय मंडळ मुलाला उपचारासाठी पाठवू शकतं. सोळा वर्षांवरच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवताना त्याची मानसिक क्षमता तपासावी लागते. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 13 जुलै 2022 ला सांगितलं.

म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा समुपदेशक महाड आणि पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यांत ठरल्या वारी बसलाच पाहिजे. मूल निरीक्षणगृहातून घरी आल्यावरही उपचार सुटता कामा नयेत. गोळ्या संपल्या आणि एसटीचं भाडं नाही, एवढ्यावर ते थांबतात. गुन्ह्यात ज्यांचं नुकसान झालं त्यांचा राग आम्ही नाकारत नाही. त्यांनाही आम्ही सोबत बोलावतो.

येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा. तोवर एखादं पोर खचलेलं दिसलं तर 14416 वर टेली-मानसला फोन लावा, आणि पोलिसांनी नेलं तर त्याच्यासोबत ठाण्यात जा.