किलोमीटर नव्हे, लिटर मोजा

तंजावरात आजही अशी घरे आहेत, जिथे उंबरठ्याच्या आत मराठी बोलली जाते आणि बाहेर पडताच तमिळ. भोसल्यांच्या राज्याच्या काळात, म्हणजे 1676 ते 1855 या वर्षांत, कावेरीकाठी रुजलेली ही कुटुंबे. त्यांची मराठी पुण्या-नागपूरच्या मराठीहून बरीच वेगळी झाली आहे. पण गाडी घ्यायची वेळ आली की प्रश्न तोच पडतो. पुण्यातला गिऱ्हाईक विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि तंजावरच्या शोरूममध्ये शब्द ऐकू येतात, ‘मायलेज एव्वळवु?’

प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. आयुष्यभराच्या बचतीतून किंवा पाच-सात वर्षांचे कर्ज काढून सेडान, म्हणजे मागे स्वतंत्र डिकी असलेली गाडी, घेणाऱ्या कुटुंबाने या एका आकड्यावर निर्णय सोपवला, तर पैसे नको तिथे खर्ची पडण्याचा संभव असतो.

जाहिरातीतला आकडा आणि तंजावरचा रस्ता

नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या नव्या डिझायरच्या हातगिअर पेट्रोल मॉडेलचा प्रमाणित आकडा लिटरला 24.79 किलोमीटर होता, तर त्याच्या पुढच्याच महिन्यात आलेल्या नव्या अमेझचा 18.65. असे आकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांतून येतात. गाडी तिथे रस्त्यावर धावत नाही. ती रुळांवर उभी असते आणि ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या क्रमाने सुमारे वीस मिनिटे चालवली जाते. वरील आकडे ज्या पद्धतीच्या चाचणीतले आहेत, तिच्यात वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही आणि एअरकंडिशनर बंद असतो.

तंजावरात एप्रिल-मे महिन्यांत एअरकंडिशनर बंद ठेवून कोण प्रवास करील? राजवाड्याभोवतीच्या जुन्या रस्त्यांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच पुढे सरकावे लागते. त्यात पेट्रोलही बदलले आहे. 2025 मध्ये देशभर पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात असा अंदाज होता, की या इंधनासाठी जुळवलेल्या गाड्यांत ॲव्हरेज एक-दोन टक्क्यांनी घटेल, तर जुन्या धाटणीच्या इंजिनांत सहा-सात टक्क्यांनी. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने ती या पेट्रोलसाठी बनवली आहे की नाही, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत जरूर पाहावे.

प्रमाणित आकडा खोटा नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी पडतो, मात्र घरखर्चाचा हिशेब त्यावर मांडू नये. त्यासाठी तेच मॉडेल वापरणाऱ्या एखाद्या ओळखीच्या कुटुंबाला विनंती करावी. टाकी काठोकाठ भरून मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवायची आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी भरायची. जितके किलोमीटर झाले, त्यांना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरांनी भागले की खरे ॲव्हरेज हाती येते.

दोन घरे, एकच गाडी

समजा, दोन सेडान समोर आहेत. प्रत्यक्ष वापरात एक लिटरला 15 किलोमीटर देते, दुसरी 18. आणि दुसरीची किंमत एक लाखाने जास्त आहे. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल 100 रुपये लिटर धरू.

पहिले घर निवृत्त जोडप्याचे. देऊळ, बाजार, 40 किलोमीटरवरच्या कुंभकोणमचे नातलग आणि वर्षातून एक-दोनदा चेन्नईला लेकीकडे. वर्षाचे होतात 5,000 किलोमीटर. पहिल्या गाडीला 333 लिटर लागतील, दुसरीला 278. फरक 55 लिटर, म्हणजे साडेपाच हजार रुपये. जास्तीचा एक लाख वसूल व्हायला अठरा वर्षे लागतील. आज पासष्टीत असलेले गृहस्थ तोवर त्र्याऐंशी वर्षांचे झालेले असतील.

दुसऱ्या घरातली मुलगी तिरुचिरापल्लीत नोकरी करते. जाऊन-येऊन रोज सुमारे 110 किलोमीटर, वर्षाला 250 दिवस. म्हणजे 27,500 किलोमीटर. इथे फरक 305 लिटरचा आहे, साडेतीस हजार रुपयांचा. तिचा एक लाख सव्वातीन वर्षांच्या आसपास वसूल होईल. म्हणजे महाग पण काटकसरी गाडी तिच्यासाठी शहाणपणाची आहे आणि निवृत्त जोडप्यासाठी नाही. विक्रेता मात्र दोघांनाही एकच आकडा सांगतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. 15 वरून 18 आणि 20 वरून 23, दोन्हीकडे वाढ तीनचीच दिसते. पण याच मुलीच्या 27,500 किलोमीटरमध्ये पहिल्या वाढीने 305 लिटर वाचतात, तर दुसरीने 179. ॲव्हरेज जसे वाढत जाते, तशी पुढच्या प्रत्येक किलोमीटरची किंमत उतरत जाते. म्हणून किलोमीटरची तुलना करण्याऐवजी वर्षाला लागणारे लिटर काढावेत.

भरवसा कशावर ठेवायचा?

इंधनाची बचत थोडे फिरणाऱ्याला थोडी आणि जास्त फिरणाऱ्याला जास्त मिळते. भरवसा मात्र दोघांनाही सारखाच लागतो. निवृत्त गृहस्थांना रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू झाली पाहिजे. त्या क्षणी लिटरमागे तीन किलोमीटर जास्त मिळतात की कमी, याला काही अर्थ उरत नाही.

भरवशाची गाडी ओळखण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग रेल्वे स्टेशनबाहेरच्या टॅक्सीतळावर सापडतो. ज्याचे पोट गाडीवर आहे, तो कुचकामी गाडी फार दिवस ठेवत नाही. टोयोटाच्या एटिऑसची विक्री 2020 मध्ये बंद झाली, तरी टॅक्सीवाल्यांत तिचे नाव अजून आदराने घेतले जाते. क्लच किती किलोमीटरला बदलावा लागला, एसीचा कॉम्प्रेसर किती टिकला, सुटा भाग गावात मिळतो की तिरुचिरापल्लीहून मागवावा लागतो, हे तीन प्रश्न चालकाला विचारावेत. नवे मॉडेल बाजारात येताच पहिल्या महिन्यात नोंदवण्याची घाई करू नये. वर्षभरात त्याचे दोष आपोआप समोर येतात.

भरवसा कंपनीचाही असावा लागतो. चेन्नईजवळच्या मरैमलैनगर येथे 1999 पासून आयकॉनसारखी लोकप्रिय सेडान बनवणाऱ्या फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याआधी 2017 च्या अखेरीस शेव्हरोलेच्या गाड्यांची विक्री थांबली होती. सुटे भाग मिळत राहिले, तरी अशा गाडीला पुढचे गिऱ्हाईक शोधणे अवघड जाते. म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटर तंजावरातच आहे का आणि दुसरे केंद्र किती अंतरावर आहे, ही चौकशी पैसे भरण्याआधी करावी.

डिकी, कर आणि पाऊस

लहान सेडानची डिकी आखूड का, याचे उत्तर करात आहे. चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना 2006 पासून करात सवलत मिळू लागली. ती साधण्यासाठी 2012 मध्ये डिझायरची लांबी कमी करण्यात आली. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर 18 टक्के जीएसटी लागू झाला आणि मोठ्या गाड्यांवर 40 टक्के. लांब सेडानमध्ये ऐसपैस जागा मिळते, पण प्रत्येक लांबलचक इंचावर कर भरलेला असतो. हायब्रिड सेडान शहरातल्या रहदारीत खरोखर काटकसरी असते. मात्र तिची जादा किंमत वरच्या हिशेबात बसवून पाहावी. सीएनजीचा विचार असेल, तर सिलिंडर डिकीतली बरीच जागा खातो आणि नेहमीच्या वाटेवर पंप असावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

ऑक्टोबर ते डिसेंबर हे इथले पावसाचे महिने. सेडान जमिनीलगत असते, त्यामुळे तुंबलेल्या पाण्यात ती लवकर अडकते. पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा चावी फिरवू नये. आत शिरलेल्या पाण्याने इंजिन कायमचे निकामी होते आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरले जात नाही. इंजिनसाठीचा जादा विमा या भागात घ्यावा.

चाचणीसाठी गाडी आणली की एकट्या कर्त्या पुरुषाने ती चालवून पाहणे पुरेसे नाही. घरातली सर्व माणसे बसवून, एसी लावून तिला तासभर फिरवावे. गुडघे दुखणाऱ्या आजींना मागच्या सीटवरून आधाराशिवाय उठता येते का, हे पाहावे. अपघात चाचणीत मॉडेलला किती तारे मिळाले, तेही विचारावे; ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची चाचणी सुरू झाली आहे.

शोरूमची पायरी चढण्यापूर्वी घरात सगळ्यांनी बसून एका कागदावर वर्षाचे किलोमीटर, त्यासाठी लागणारे लिटर आणि सर्व्हिस सेंटरचे अंतर लिहून काढावे. विक्रेत्याने मायलेजचा आकडा सांगितला की तो या कागदावर ताडून पाहावा, आणि मगच आगाऊ रक्कम भरावी.