कुंडीतली चिलटे आणि घरात शिरणारे विष

पाऊस लागला की बेसा, घोगली, बेलतरोडीकडच्या नव्या इमारतींमध्ये एक तक्रार घरोघर ऐकू येते. दिवाणखान्यातल्या कुंडीभोवती बारीक काळी चिलटे उडतात, संध्याकाळी टीव्हीच्या उजेडावर जमतात, चहाच्या कपात पडतात. कुणाला ते डास वाटतात, कुणाला डेंग्यूची धास्ती बसते. मग कृषी सेवा केंद्रातून फवारणीचे औषध लहान बाटलीत ओतून आणले जाते, किंवा गावाकडे उरलेले दाणेदार औषध कागदाच्या पुडीतून येते आणि चमचाभर कुंडीत पडते. चिलटे त्याने मरोत वा न मरोत, ज्या खोलीत मूल रांगते त्या खोलीत शेतातले विष येऊन बसते. काळजी करावी ती या गोष्टीची.

हा डास नव्हे

कुंडीतल्या या चिलटांना इंग्रजीत ‘फंगस नॅट’ म्हणतात. बुरशीवर जगणारी ही माशी दोन ते चार मिलिमीटर लांबीची, काळपट, लांब पायांची आणि उडण्यात कच्ची असते. ती कुंडीपासून फार दूर जात नाही. मातीवर धावते, हात लावला की थोडी उडून पुन्हा तिथेच बसते. तिला डासासारखी सोंड नाही. त्यामुळे ती चावत नाही, रक्त शोषत नाही आणि माणसात कोणताही रोग पसरवत नाही. डेंग्यूचा एडिस डास वेगळा. त्याच्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो आणि त्याच्या अळ्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. चिलटाच्या अळ्या मात्र ओल्या मातीत वाढतात.

पण दोघांचा आश्रय एकाच कुंडीत असू शकतो. मातीत चिलटे आणि कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात एडिसच्या अळ्या, अशी जोडी पावसाळ्यात सहज जमते. एडिसची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. म्हणून ताटली नुसती ओतून भागत नाही, ती घासावी लागते. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळताना कूलरच्या टाकीबरोबर या ताटल्या आणि मनी प्लांटच्या बाटल्याही आठवणीने घ्याव्यात.

मुळाशी आहे जास्तीचे पाणी

चिलटाची मादी ओल्या मातीच्या वरच्या थरात शंभर ते दोनशे अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत त्यातून अळी निघते. पांढरी, जवळजवळ पारदर्शक अंगाची आणि चकचकीत काळ्या डोक्याची ही अळी सुमारे दोन आठवडे मातीतली बुरशी, शेवाळ, कुजका पालापाचोळा आणि कधीकधी कोवळी मुळे खाते. त्यानंतर कोष आणि मग माशी. हे चक्र तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. मोठ्या, निरोगी झाडाला या अळ्यांचा फारसा त्रास होत नाही. नुकतीच लावलेली रोपे आणि कलमे मात्र कोमेजतात, कारण अळ्या मुळे कुरतडतात आणि रोपमरीच्या बुरशीलाही वाट करून देतात.

याचा अर्थ असा की चिलटे हे लक्षण आहे. ताप आला की नुसती तापाची गोळी देऊन थांबता येत नाही, तो कशामुळे आला ते पाहावे लागते. इथे कारण बहुतेक वेळा तीनच असतात. एक, सवयीने रोज घातलेले पाणी. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात गॅलरीतल्या झाडाला जेवढे पाणी लागते, तेवढेच पाणी जुलैत घरातल्या झाडालाही मिळत राहते. दोन, रोपवाटिकेतून येणारे कोकोपीटचे मिश्रण. ते वरून कोरडे दिसले तरी आतून बराच काळ ओले असते. तीन, स्वयंपाकघरातला ओला कचरा. चहाचा चोथा, कांद्याची साले, तांदळाचे धुवण, निर्माल्य हे सारे ‘खत’ म्हणून थेट कुंडीत टाकले जाते. न कुजवलेला हा कचरा झाडाला लगेच उपयोगी पडत नाही, पण अळ्यांचे जेवण मात्र तयार होते.

उपाय क्रमाने करावेत

पहिला उपाय फुकटचा आहे. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे आणि ओल लागली तर पाणी घालू नये. स्नेक प्लांट, झेड झेड प्लांट, मनी प्लांट यांना वरचा थर पूर्ण सुकल्यानंतरच पाणी द्यावे. अंडी आणि लहान अळ्या कोरड्या मातीत तगत नाहीत. शक्य असेल तिथे कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवून खालून पाणी द्यावे, मग निथळून जागेवर ठेवावी. वरचा थर कोरडाच राहतो. मातीवरचा कुजका पाला आणि चोथा काढून टाकावा. स्वयंपाकघरातला कचरा आधी वेगळ्या डब्यात पूर्ण कुजू द्यावा आणि मगच वापरावा.

दुसरा उपाय विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या परिचयाचा आहे. पांढरी माशी पकडण्यासाठी शेतात लावतात तेच पिवळे चिकट सापळे, लहान तुकडे करून, मातीलगत कुंडीत खोवावेत. उडणारी चिलटे त्यावर चिकटतात आणि नवी अंडी कमी पडतात. अळ्या किती आहेत हे पाहण्यासाठी बटाट्याची बोटभर जाड चकती मातीवर ठेवावी. दोन-तीन दिवसांनी उलटून पाहिली की खालच्या बाजूला अळ्या जमलेल्या दिसतात. चकती अळ्यांसकट फेकून द्यावी आणि नवी ठेवावी.

एवढे करूनही चिलटे राहिली तर जिवाणूची मदत घेता येते. ‘बीटी’ हे नाव विदर्भाला नवे नाही. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचाच जनुक आहे. याच जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा प्रकार १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. तो डास आणि चिलटे यांच्या अळ्या मारतो. त्याचे विष अळीच्या अल्कधर्मी आतड्यातच सक्रिय होते. माणसाच्या आम्लधर्मी जठरात तसे घडत नाही. भारतात डासांच्या अळ्यांविरुद्ध त्याचा वापर होतो आणि अनेक देशांत तो कुंड्यांतल्या चिलटांसाठीही विकला जातो. खरेदी करताना वेष्टनावर ‘इस्रायलेन्सिस’ हा शब्द पाहूनच घ्यावा. भाजीवरच्या पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी मिळणारी ‘कुर्स्टाकी’ प्रकारची बीटी पावडर चिलटांवर चालत नाही.

कोणताही उपाय किमान चार आठवडे सलग करावा. एकदा फवारून मोठी चिलटे मेली तरी मातीतली अंडी आणि कोष शिल्लक असतात, आणि आठवडाभरात नवी पिढी उडू लागते. इथेही औषधाचा कोर्स अर्धवट सोडून चालत नाही.

सेंद्रिय म्हणजे निर्धोक नव्हे

निंबोळी अर्क हा जुना आणि चांगला उपाय. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून मातीत घातली की अळ्यांची वाढ खुंटते. पण नैसर्गिक आहे म्हणून कडुनिंबाचे तेल मुलांच्या हाताशी ठेवू नये. लहान बाळांना ते पाजल्याने झटके येणे, रक्तातील आम्लता वाढणे आणि मेंदूला सूज येणे असे गंभीर प्रकार वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. बाळाला जंतांवर किंवा खोकल्यावर ‘घरगुती’ म्हणून हे तेल चमचाभरही देऊ नये.

बुरशीचीही एक बाजू आहे. चिलटे असलेल्या मातीत बुरशी असतेच. निरोगी माणसाला तिच्यापासून सहसा अपाय नाही. परंतु अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी सुरू असलेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे किंवा साखर आटोक्यात नसलेले रुग्ण यांनी बुरसटलेली माती उकरू नये. अशा रुग्णाच्या झोपण्याच्या खोलीतून कुंड्या बाहेर हलवाव्यात. दमेकऱ्यांनीही हेच करावे.

बाटलीवर नाव नसते तेव्हा

कीटकनाशक काय करू शकते, हे विदर्भाने २०१७ मध्ये पाहिले आहे. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती माणसे उघड्या शेतात काम करत होती. बंद फ्लॅटमध्ये तीच औषधे किती जपून हाताळावी लागतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कीटकनाशकाच्या प्रत्येक वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम, हिरवा त्यामानाने सौम्य. सुटे औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतले की हा त्रिकोण, औषधाचे नाव आणि उताऱ्याची माहिती सारे दुकानातच राहते. घरात उरते ती फक्त एक ओळखीची बाटली, आणि तहानलेले मूल ती तोंडाला लावते. कुंडीत टाकण्याची जुनी सवय असलेले फोरेटचे दाणे आणि घरात फवारले जाणारे डायक्लोरव्हॉस या दोन्हींवर केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली आहे. कुणाच्या माळ्यावर जुना साठा असेल तर तो वापरू नये, नालीत ओतू नये आणि कुणाला देऊही नये.

या गटातली विषे शरीरातले कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, उलट्या-जुलाब होतात, श्वास कोंडतो, झटके येतात. अशा वेळी रुग्णाला मोकळ्या हवेत न्यावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध-तूपही देऊ नये. १०८ ला फोन करावा किंवा मेडिकल, मेयो, मिहानमधील एम्स यांपैकी जे जवळ असेल तिथे पोहोचावे आणि औषधाची बाटली किंवा पुडी सोबत न्यावी. नेमके काय पोटात गेले हे कळले तर उपचार लवकर आणि अचूक होतात.

हे सारे एकट्या घरमालकावर सोडून चालणार नाही. रोपवाटिकांनी झाड विकताना पाणी किती आणि केव्हा घालायचे हे सांगावे. कृषी सेवा केंद्रांनी सुटे औषध बाटलीत ओतून देणे थांबवावे. लेबलविना कीटकनाशक विकायला कायद्याची मुभा नाही. बेसा-पिपळा नगरपंचायतीने आणि गृहनिर्माण सोसायट्यांनी डेंग्यूच्या मोहिमेत कुंडीखालच्या ताटल्यांची तपासणी करावी आणि त्याच फेरीत घरातल्या बेवारस विषाच्या बाटल्यांबद्दलही विचारावे.

चिलटे दिसली तर दुकानात जाण्याआधी आठवडाभर पाणी बंद करून पाहावे. बहुतेक कुंड्यांना तेवढ्यानेच उतार पडतो.