अंधार नेहमीच वाईट नसतो

या महिन्यात आम्ही मोठ्या गटाने झुंपा लाहिरी यांची ‘अ टेम्पररी मॅटर’ ही इंग्रजी कथा वाचली आणि मराठीत तिच्यावर चर्चा केली. १९९९ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकातली ही पहिलीच कथा.

बॉस्टनमधल्या शोभा आणि शुकुमारचे बाळ मृत जन्माला आले. तेव्हापासून दोघे धड बोलत नाहीत. मग नोटीस येते : पाच दिवस, रात्री आठपासून तासभर वीज बंद. शुकुमार वाढदिवसाच्या मेणबत्त्या कुंडीत रोवतो. माती इतकी वाळलेली, की आधी पाणी घालावे लागते. ती कुंडी म्हणजे त्यांचे घरच, असे आम्हाला वाटले.

शाळेत शिकवतात, अंधार म्हणजे दुःख आणि उजेड म्हणजे आशा. आम्हाला हे पटत नाही. इथे दोघे अंधारातच मन मोकळे करतात. वीज लवकर दुरुस्त होते आणि पाचव्या रात्री शोभा दिवा लावून सांगते, की तिने वेगळे घर घेतले आहे.

काही पालकांना वाटले, ही कथा मुलांसाठी नाही. पण आमच्यातही काहींची दोन घरे आहेत. न सांगितलेलेही आम्हाला कळते. सांगितले, तर निदान विचारता येते.

आईबाबा म्हणतात, लहानपणी लाइट गेले की सगळे गच्चीवर गप्पा मारत. इथे लाइट क्वचितच जातात. म्हणून पालकांना विनंती : कधीतरी आपणच ते बंद करू या आणि खरे बोलू या.