ती 'कर्लीची बायको'

गेल्या वर्षीं वरच्या इयत्तेच्या वर्गांत जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाची 'ऑफ माइस अँड मेन' ही लहानशी कादंबरी आम्हीं वाचली. वाचन संपल्यावर, त्या मळ्यावर राहणाऱ्या एकुलत्या एका स्त्रीविषयीं आपलें मत लिहून आणावें, असें मीं मुलांस सांगितलें. वह्या तपासावयास बसलें, तों बहुतेकांचा अभिप्राय एकच : ती उठवळ होती, घर सोडून गड्यांत हिंडत होती, तिची जी गत झाली ती तिच्याच कर्मानें झाली. मुलें गुणी आहेत. त्यांचा हेतु वाईट नव्हता. तरी त्या वह्या वाचून माझें मन अस्वस्थ झालें. तें कां झालें, हें मुलांस व त्यांच्या आईबापांस सांगावें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

ज्यांनीं ही कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठीं थोडी हकीकत सांगितली पाहिजे. ती 1937 सालीं प्रसिद्ध झाली. स्टाइनबेक यांचा जन्म 1902 सालीं कॅलिफोर्नियांतील सॅलिनस या गांवीं झाला, व 1962 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. कथा त्याच मुलखांत, सोलेदाद गांवाजवळच्या एका मळ्यावर घडते. सोलेदाद या स्पॅनिश शब्दाचा अर्थच एकटेपण असा आहे. 1929 नंतर अमेरिकेंत मोठी मंदी आली, आणि काम शोधीत गांवोगांव फिरणाऱ्या मजुरांची दैना झाली. अशा मजुरांपैकीं दोघे म्हणजे जॉर्ज आणि लेनी. लेनी अंगानें धिप्पाड, पण बुद्धीनें बालक. महिना 50 डॉलरांवर ते राबतात, आणि एक स्वप्न उराशीं बाळगतात : आपली स्वतःची थोडी जमीन असावी, लहानसें घर असावें, आणि लेनीला पाळावयास ससे असावेत.

त्याच मळ्यावर मालकाचा मुलगा कर्ली याची नवी नवरी राहते. लग्नाला अवघे दोन आठवडे झालेले. तिला नांव नाहीं. आरंभापासून अखेरपर्यंत लेखक तिला 'कर्लीची बायको' एवढेंच म्हणतो. घोड्यांचा मोतद्दार क्रुक्स याला नांव आहे, म्हाताऱ्या कँडीला नांव आहे; हिला मात्र नाहीं. शिवाय ती वाचकांच्या दृष्टीस पडण्यापूर्वींच कँडी जॉर्जपाशीं तिची निंदा करितो. मग ती गड्यांच्या खोलीच्या दारांत येऊन उभी राहते, तों आंत येणारें ऊन अडतें. आपण तिला प्रथम पाहतों तीं निंदेनें आधींच गढूळ झालेल्या डोळ्यांनीं. माझ्या विद्यार्थ्यांचेंही असेंच झालें. त्यांनीं दिलेला निकाल त्यांचा नव्हताच. तो कँडीचा निकाल होता.

परंतु तिचें म्हणणें काय, हें कोणी ऐकलें आहे काय? कथेच्या अखेरीस, एका रविवारीं दुपारीं, इतर गडी बाहेर घोड्यांच्या नालांचा खेळ खेळत असतां, ती गवताच्या कोठारांत लेनीपाशीं बसून आपली कहाणी सांगते. पंधरा वर्षांची असतांना एक नाटक मंडळी गांवांत आली. त्यांतील एक नट तिला बरोबर नेण्यास तयार होता, पण आईनें जाऊं दिलें नाहीं. पुढें सिनेमांतील एक मनुष्य भेटला. तुला चित्रपटांत घेतों, हॉलीवुडला पोंचतांच पत्र पाठवितों, असें त्यानें सांगितलें. पत्र कधींच आलें नाहीं. आईनेंच तें चोरलें असावें, असा तिचा समज. मग एका नाचघरांत कर्लीची भेट झाली, आणि ज्या घरांत आपल्याला कांहीं होतां येत नाहीं तें घर सुटावें, एवढ्यासाठींच तिनें त्याच्याशीं लग्न केलें. तो तिला आवडतही नाहीं.

त्या मनुष्यानें पत्र पाठविलेंच नसावें, हें आपण मोठीं माणसें सहज ओळखतों. ती मात्र ओळखूं शकत नाहीं. कारण पत्र चोरीस गेलें असें मानलें तरच स्वप्न खरें होतें असें मानतां येतें. आणि ही कहाणी ती सांगते कोणाला? जो सशांखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करूं शकत नाहीं त्या लेनीला. तिला मिळालेला हा एकच श्रोता, आणि तोही तिचें ऐकत नाहीं.

या कादंबरींत सर्वांचींच स्वप्नें मोडतात. मग हिचें दुःख निराळें कसें, असें कोणी विचारील. माझें मत असें कीं, पुरुषांच्या स्वप्नाला निदान सोबती मिळाले. जॉर्ज आणि लेनी तें एकमेकांस पुनः पुनः सांगतात. म्हातारा कँडी आपली सारी शिल्लक त्यांत घालावयास सिद्ध होतो. कोणावरही विश्वास न ठेवणारा क्रुक्सदेखील क्षणभर म्हणूं लागतो कीं, मीही येईन. स्वप्न चौघांत वांटलें गेलें म्हणजे तें मोडलें तरी माणूस कांहीं काळ त्याच्या आधारानें जगलेला असतो. या बाईच्या स्वप्नाला भागीदार मिळालाच नाहीं. स्वप्न गमावणें हें दुःख खरेंच. पण तें सांगावयास कोणी नसणें हें त्याहून मोठें दुःख आहे.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें कबूल केली पाहिजे. ती निर्दोष नाहीं. शनिवारच्या रात्रीं इतर सर्व गांवांत गेले असतां ती क्रुक्सच्या खोलीच्या दाराशीं येते. क्रुक्स काळा, पाठीनें अधू. इतर गड्यांच्या खोलींत त्याला प्रवेश नाहीं. त्यानें निघून जाण्यास सांगतांच ती त्याला अशी धमकी देते कीं, माझ्या एका शब्दानें तुला झाडाला टांगतील. त्या काळच्या अमेरिकेंत ही धमकी पोकळ नव्हती. हा प्रसंग वाचून माझें मन तिच्यावरून उडालें, आणि तसें उडालेंच पाहिजे. एकटेपणानें माणूस आपोआप थोर होत नाहीं; पुष्कळदां तो कडवट होतो, आणि स्वतःला जें मिळालें तेंच आपल्याहून दुबळ्याच्या पदरीं टाकतो. म्हणून मी तिची वकिली करीत नाहीं. मी एवढेंच म्हणतें कीं, अपराध मोजावयाचे असतील तर सर्वांचे मोजा, आणि निकाल देण्यापूर्वीं साक्ष पुरी ऐका.

तिचा शेवट आपणांस ठाऊकच आहे. लेनी तिच्या मऊ केसांवरून हात फिरवितो. ती घाबरून ओरडते. तोही घाबरतो, आणि त्याच्या हातून तिची मान मोडते. त्यानंतरचा प्रसंग मला त्याहूनही भयंकर वाटतो. सर्व गडी जमतात. कँडी तिच्या प्रेताला उद्देशून शिव्या देतो, कारण तिच्या मरणानें त्याचें जमिनीचें स्वप्न बुडालें. स्लिम नांवाचा समंजस गडी कर्लीला सुचवितो कीं, तूं बायकोपाशीं थांबावेंस. कर्ली थांबत नाहीं. त्याला सूड घ्यावयाचा असतो. तिच्यासाठीं डोळ्यांतून एक टिपूस कोणी गाळीत नाहीं. लेखक मात्र तिच्या मृत चेहऱ्याकडे पाहतो, आणि तेथें त्याला दुष्टपणा दिसत नाहीं; एक साधी, कोंवळी मुलगी दिसते. या कथेच्या नाटकांत ही भूमिका क्लेअर लूस या नटीनें केली. तिला 1938 सालीं लिहिलेल्या पत्रांत स्टाइनबेक यांनीं या स्त्रीचा स्वभाव समजावून सांगितला आहे. त्याचा मथितार्थ असा कीं, ही मुलगी संशयाच्या वातावरणांत वाढली, आणि एक माणूस म्हणून तिच्याकडे कोणीं पाहिलेंच नाहीं.

आतां दोन शब्द आपल्या घराविषयीं. अमक्याची बायको, तमक्याची सून, एवढ्याच ओळखीवर जन्म काढणाऱ्या स्त्रिया पाहावयास आपणांस कॅलिफोर्नियास जावें लागत नाहीं. मातापित्यांस माझी विनंति अशी कीं, मुलीनें आपल्या मनांतील एखादी वेडीवांकडी आकांक्षा बोलून दाखविली तर तिला एकदम गप्प बसवूं नका. ती मान्य करा, असें मी म्हणत नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलीला अनोळखी मंडळीबरोबर न पाठविणारी ती आई चुकली, असेंही माझें म्हणणें नाहीं. पण 'नाहीं' म्हटल्यावर तिनें मुलीला जवळ घेऊन दुसरी वाट दाखविली असती, तर ती मुलगी मिळेल त्या पहिल्या दारानें घराबाहेर पडली नसती.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे. कोणाविषयीं वाईट बोलणें कानीं आलें, तर तें सांगणारा कोण, हें आधीं पाहा; आणि ज्याच्याविषयीं तें बोललें गेलें त्याच्याशीं एकदां तरी स्वतः बोला. यंदाही मी वर्गास तोच विषय देणार आहें. मात्र या खेपेस प्रथम त्या स्त्रीनें स्वतः काय सांगितलें तें लिहावयाचें, आणि त्यानंतर आपलें मत.