शून्यावर शून्य

गेल्या महिन्यांत आम्ही परभणी जिल्ह्यांतील बोरी येथें एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों होतों. त्यांची अकरावींतील नात 'सीमा' या प्रकरणानें अगदीं हताश झाली होती. "शून्य भागिले शून्य म्हणजे एक कां नव्हे? मी गणित सोडतें," असें ती म्हणाली, आणि आजोबांनींही "झेपत नसेल तर सोड," असें म्हणून टाकलें. त्या वेळीं आम्हीं तिला जें सांगितलें, तें इतर घरींही उपयोगी पडेल.

(क्ष² − ९) ला (क्ष − ३) नें भागावयाचें आहे. क्ष = ३ धरतांच वरही शून्य, खालींही शून्य. हें उत्तर नव्हे; काम अजून उरलें आहे, एवढीच ती सूचना. अंशाचे अवयव (क्ष − ३)(क्ष + ३). क्ष तीनच्या जवळ जातो, तीन होत नाहीं. म्हणून सामाईक अवयव काढतां येतो. उरतें क्ष + ३, सीमा ६. पडताळा पाहा: २.९९ ला ५.९९, ३.०१ ला ६.०१.

वर्गमूळ आडवें आल्यास युक्ति निराळी. (√(क्ष + ४) − २) ÷ क्ष यांत अंश व छेद दोन्ही (√(क्ष + ४) + २) नें गुणावे. अंशांत केवळ क्ष उरतो, तो छेदांतील क्ष बरोबर जातो. क्ष शून्याकडे जातांना सीमा १/४. एके ठिकाणीं सहा, दुसऱ्या ठिकाणीं पाव. मग शून्यावर शून्य म्हणजे नेहमीं एक कसें? मात्र छेदच शून्याकडे जात असून अंश जात नसेल, तर सान्त सीमा नाहींच.

ही दृष्टि आपणांस परकी नाहीं. भास्कराचार्यांनीं लीलावतींत (इ. स. ११५०) विचारलें आहे: एका संख्येस शून्यानें गुणून, त्यांत त्याचें अर्धें मिळवून, तिप्पट करून शून्यानें भागिलें तर ६३ येतात, ती संख्या कोणती? उत्तर १४. पुढील क्रिया उरली असतां गुणक शून्य तसेंच राखावें, हा त्यांचा दंडक. सीमेची काटेकोर मांडणी पुढें कोशी यानें १८२१ मध्यें केली. याच लीलावतीवर सूर्यदासानें १५४१ त टीका लिहिली. त्याचें पार्थपूर म्हणजे याच जिल्ह्यांतील पाथरी, असें मानितात.

मुलीनें चौदाचा पडताळा स्वतः घेतला, आणि आजोबांनीं चष्मा लावून वही पुढें ओढली. गणित सोडण्याची गोष्ट त्या रात्रीं पुन्हां निघाली नाहीं.