‘विशेष’ अक्षर कोणासाठी?

संगणकाच्या जगात ‘विशेष अक्षरे’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. रोमन सव्वीस अक्षरे आणि अंक एवढेच काय ते सामान्य. आपला ‘अ’सुद्धा विशेष. हे वर्गीकरण तांत्रिक आहे, भाषेच्या माणसांनी त्यात पडू नये, असे आमच्या विभागातही मानले जाते. मला ते मान्य नाही.

‘सांबा’चेच पाहा. युनिक्स-लिनक्सच्या यंत्रावरील फाइली आणि प्रिंटर विंडोजवाल्यांनाही वापरता यावेत, यासाठी अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात हे सॉफ्टवेअर घडवले. (मूळ नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा एस, एम, बी ही अक्षरे असलेला शब्द त्यांनी शब्दयादीत शोधला. नावापुरता तरी कोश उघडला गेला!) २००३ साली तिसरी आवृत्ती येईपर्यंत सांबा ‘कोड पेज’ नावाच्या तक्त्यांवर चाले. मुळात गृहीत धरलेला तक्ता ८५० क्रमांकाचा, पश्चिम युरोपचा. त्यात देवनागरीला एकही घर नव्हते.

पुढे युनिकोड आले आणि प्रश्न मिटला, असे सांगतात. ‘आचाऱ्यास’मधला पापणीसारखा र घ्या. तो दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी मात्र हे दोन भिन्न शब्द. त्यातही मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था फाइलीच्या नावातल्या ‘ऱ’चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे करून ठेवते, लिनक्स सहसा दिले तसेच ठेवते. फाइल तिकडून इकडे नेताना तुकडे सांधले गेले नाहीत, तर डोळ्यांसमोरचे नाव शोधून सापडत नाही. आणि न दिसणारे जोडचिन्ह कुणा प्रोग्रामने निरुपयोगी म्हणून गाळले, की ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ होते. स्वयंपाक्याची मजुरी गुरूच्या हाती!

पण निम्मा दोष आपला आहे. मराठीच्या प्रश्नपत्रिकेच्या फाइलीला मराठी नाव दिले, म्हणून ती छापली जात नाही, असे मला महाविद्यालयात ऐकवण्यात आले. मी निमूटपणे नाव रोमनमध्ये केले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद वर्गात शिकवणारा मी! सांबाची संहिता खुली आहे. तिच्यातला दोष नोंदवायला कुणाचे शिफारसपत्र लागत नाही. ऱ्हस्व-दीर्घावरून वर्षानुवर्षे भांडणाऱ्या आपल्या विभागांपैकी एकाने तरी अशी नोंद केली असेल, तर मला कळवावे.