ऑपरेशन झालं, उपचार चालू आहे

"ऑपरेशन झालं ना, मग अजून मुंबईला कशाला जाता?" शेजाऱ्यांपासून विमा कंपनीच्या माणसापर्यंत सगळे मला हेच विचारतात. भावाच्या डोक्यात तारा बसवून सात महिने झाले. त्यानंतर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूर-मुंबई अशा आमच्या नऊ फेऱ्या झाल्या.

सातव्या वर्षी तो डोळे मिचकावू लागला, मग खाकरणं, मग मान झटकणं. आजीने दृष्ट काढली. मास्तरांनी 'चाळे करतो' म्हणून बाकावर उभं केलं. याला टुरेट म्हणतात आणि पॅरिसमध्ये 1885 सालीच त्याचं वर्णन झालं होतं, हे आम्हाला कळायला फार उशीर झाला. बहुतेक मुलांच्या टिक्स, म्हणजे अशा आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आवाज, वयात येताना ओसरतात. त्याच्या ओसरल्या नाहीत. चाटी गल्लीतल्या कापड दुकानात तो हिशेब लिहायचा, पण गिऱ्हाइकं बघत बसायची म्हणून मागच्या गोदामात बसून. हॅलोपेरिडॉलने दिवसभर झोप यायची, वजन वाढलं. सवय मोडण्याची थेरपी त्याने मन लावून केली. त्यामुळे खाकरणं कमी झालं, मान मात्र ऐकेना. झटके इतके जोराचे की हात बधिर होऊ लागले. एमआरआयमध्ये मानेतल्या मज्जारज्जूवर दाब दिसला, तेव्हा डॉक्टरांनी डीबीएसचं, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं, नाव काढलं.

जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीच्या दोन तारा मेंदूत खोलवर जातात आणि कातडीखालून छातीतल्या बॅटरीला जोडल्या जातात. टुरेटसाठी हे पहिल्यांदा केल्याची नोंद 1999 साली नेदरलँड्समधून आली. 2018 मध्ये 10 देशांतल्या 185 रुग्णांची माहिती एकत्र छापून आली. शंभरपैकी सरासरी 75 असलेली तीव्रता वर्षभरात 41 वर उतरली होती. मेंदूत रक्तस्राव शंभरात एखाद्याला, जंतुसंसर्ग तिघांना. हे आकडे मी भावाला दोनदा वाचून दाखवले. सही त्याची त्याने केली.

पण तारा बसवणं म्हणजे नुसतं वायरिंग. करंट किती, तारेच्या कोणत्या टोकातून, किती वेगाने, हे नंतर ठरतं. पार्किन्सनच्या माणसाचा हात करंट बदलताच डॉक्टरांसमोर स्थिर होऊ शकतो. टिक्सचं तसं नाही. त्या आपल्या आपणच वाढतात, कमी होतात, त्यामुळे एक बदल लागू पडला की नाही हे कळायला काही आठवडे जातात. तिसऱ्या सेटिंगला भावाची जीभ जड झाली, बोलणं अडखळू लागलं. पुन्हा मुंबई. सहाव्या फेरीनंतर एका सकाळी तो म्हणाला, "ताई, रात्री मान दुखली नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

विमा कंपनीने आधी दावाच परत पाठवला, कारण अमेरिकेत या यंत्राला पार्किन्सनसाठी मंजुरी आहे, टुरेटसाठी नाही. बऱ्याच पत्रांनंतर ऑपरेशनचे काही पैसे आले. पुढच्या फेऱ्यांचा एक रुपयाही नाही, कारण ती 'ओपीडी'. माझं म्हणणं एवढंच आहे: सरकारी योजना असो की विमा, डीबीएसचं पॅकेज ऑपरेशनच्या दिवशी संपू नये. वर्षभराचं प्रोग्रॅमिंग त्यातच धरा. सोलापूरसारख्या ठिकाणच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सेटिंग बदलू शकणारा एक न्यूरॉलॉजिस्ट तयार करा. दुरूनही सेटिंग बदलता येणारी यंत्रं आता निघाली आहेत, खरेदी करताना त्यांचा विचार करा. ज्याला रजा मिळत नाही, सोबत कोणी नाही, तो चौथ्या फेरीला थांबेल, आणि लोक म्हणतील ऑपरेशन फसलं.

भाऊ आता दुकानात पुढे, गल्ल्याजवळ बसतो. बॅटरी तीन-चार वर्षं चालेल असं डॉक्टर सांगतात. मग नवी घ्यावी लागेल, काही लाखांची. त्यासाठी मी आत्तापासूनच भिशी लावली आहे.